आधी शांत करून आणा!

दवाखान्याचे किस्से आमच्याकडे इतके साठलेत, की एकीनं सुरू केला की दुसरी म्हणते, "थांब, हा तर काहीच नाही!" आम्ही तिघी उधन्याच्या थेरपी सेंटरच्या जिन्यात बसतो. आत आमची मुलं. तिघांनाही ऑटिझम. माझा ओम बोलत नाही. पाणी हवं असलं की माझा हात धरतो आणि नेऊन माठावर ठेवतो. झालं सांगून!

सुनंदाताई धुळ्याकडची, नवरा इथल्या सचिन भागात कापडाच्या लूमवर. तिचा दीपू स्वतःच्या कानावर बुक्क्या मारायला लागला. दाखवायला नेलं, तर गुजराती डॉक्टर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "ऑटिझमवाळा बाळक आवुं ज करे." म्हणजे, अशी मुलं असंच करतात! सुनंदाताई तिच्या हिंदीत कडाडली, "साहेब, ऑटिझम है तो क्या कान नहीं है?"

मग कुठं त्यानं बॅटरी लावून बघितलं. कानात पू झाला होता. "एवढा मोठा डागदर," ती अजून म्हणते, "आनि कान देखाले माले सांगनं पडनं!"

तिसरी नेहा, अडाजणच्या शाळेत शिकवते. बोलणं मऊ, म्हणून तिला कुणीही टोलवतं. तिच्या रियाची दाढ किडली, पोरगी कळवळून किंचाळत होती. दातांचा डॉक्टर दारातूनच म्हणाला, "आधी शांत करून आणा, मग बघू."

"शांत असती तर तुमच्याकडे कशाला आणली असती?" आमची मऊ नेहा हो!

आता माझं. वेटिंग हॉलमध्ये टीव्ही ठणाणा करत होता. ओम कानांवर हात ठेवून गोल गोल फिरायला लागला. गार्ड म्हणाला, "मॅडम, बाहर घुमाके लाओ." बाहेर नेलं, तेवढ्यात नाव पुकारलं. परत येते तर आमचा नंबर शेवटी! पुन्हा तेच झालं तेव्हा माझं डोकं सटकलं. ओमची चप्पल काढली आणि खुर्चीवर ठेवली, रेशनच्या रांगेत ठेवतात तशी.

"भैया, ये पेशंट है. न घूमता है, न चिल्लाता है. अब इसका नंबर काटके दिखाओ!"

सगळा हॉल हसला. मला रडू येत होतं, रागानं.

आणि हा शेवटचा. ओमचं अपेंडिक्सचं ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात घाईघाईनं झालं, त्याच्या आदल्या दिवशीचा. सकाळपासून जेवला नव्हता, वाकून चालत होता. डॉक्टर आपलेच, मराठी. म्हटलं चला, निदान भाषेची तरी अडचण नाही.

"डॉक्टर, याचं पोट दुखतंय."

"तुम्हाला कसं कळलं? बोलतो का तो?"

"नाही."

"मग? अहो, या मुलांना दुखणं फारसं कळतच नाही." आणि ते शांत करायचं औषध लिहायला लागले.

ओम उठला. टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेला. त्यांचा हात धरला आणि नेऊन आपल्या पोटावर ठेवला.

डॉक्टरांनी हात झटकला.

"आवरा याला, मॅडम! अंगावर येतोय हा!"