अक्काची लँडलाइन मी बंद करायला निघालो होतो

मित्रांनो, आज कुंभकोणममध्ये मी एक वाद हरलो. एरवी मी वाद घालतो त्या व्यासपीठावर नव्हे, थोरल्या बहिणीच्या घराच्या पुढच्या खोलीत.

अक्का तिथे तिरुभुवनमच्या रेशमी साड्या विकते. लँडलाइन बंद करून तिनं टोल-फ्री नंबर घ्यावा, असा माझा हट्ट. अर्जही मीच लिहून नेला होता.

"फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, अक्का."

"आता कुणाला पडतात रे? सगळ्यांचा महिन्याचा रिचार्ज असतो. वर तो नंबर लावला की आधी तमिळसाठी एक दाबा, मग दोन दाबा!"

मी पंधरा मिनिटं बोललो. शेवटी तिनं सही करायला पेन उघडलं. "तू सुरू झालास की कुणाचं चालतं?"

तेवढ्यात लँडलाइन वाजली. तिरुविडैमरुदूरच्या एक बाई होत्या. मुलीचं लग्न ठरलंय, मुहूर्ताची साडी हवी. नंबर त्यांनी पिवळ्या कापडी पिशवीवरून वाचला. त्यांच्याच लग्नात पाहुण्यांना नारळ-विडा घालून दिलेल्या पिशव्यांपैकी ती एक, साड्यांच्या खरेदीवर अक्काच्या दुकानानं नंबर छापून दिलेली. आमच्याकडे अशा पिशव्या कुणी टाकत नाही. बाई तिच्यात चिंच ठेवतात.

अक्कानं पेनाला टोपण लावलं. "त्या सगळ्या पिशव्या घरोघरी जाऊन परत आणतोस का?"

मी अर्ज खिशात घातला. लँडलाइन राहिली. साड्यांचे फोटो पाठवायला तेवढा एक वेगळा मोबाइल नंबर घेतला.

नव्या सोयींच्या बाजूनं मी यापुढेही भांडेन. पण नंबर बदलण्याआधी तो कुठे कुठे पोचलाय, हे विचारीन. तुमच्या दुकानाचा जुना नंबर आज कुणाच्या स्वयंपाकघरात टांगलेला असेल?