त्यांचं पान व्हायचंय

मी मोठ्यानं वाचत असलेलं पान संपलं की सिस्टर उजव्या हाताचा पंजा हवेत धरायची, चौकातल्या पोलिसासारखा. "थांब. त्यांचं पान व्हायचंय." मग समोरच्या वेताच्या खुर्चीकडे तोंड करून गप्प बसायची. कधी दहा आकडे मोजावेत इतकं, कधी बशीतला चहा निवावा इतकं. मग पंजा खाली यायचा. "झालं. उलट."

त्या खुर्चीत कोणी नसायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पुढचं ऐकून तुम्ही काय ते ठरवा.

आम्ही सुरतेच्या भेस्तानला एका खोलीत सहा जण राहायचो. बापू पारोळ्याकडून सुरतेला आले ते लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात. बारा तास तिथं उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते. घरातही ते ओरडूनच बोलायचे. आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि आम्ही पोरी तिच्या हाताखाली. बोटांचा गोंद कधी सुटायचा नाही. भाकरीत टिकली निघायची, केसांत टिकली, धाकटीच्या पापणीवर टिकली. बाहेरून कोणी बघितलं तर वाटावं, या घरात रोजच लग्न आहे. प्रत्यक्षात एका दिव्याखाली सगळ्यांचे डोळे जात होते.

मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकले, बारावी झाले आणि हट्टानं कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाले. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा नापास. बापू ओरडून म्हणाले, गल्लीनं ऐकलं, "आते नापास व्हयनी ना, ते कॉलेज बंद! मामानी अमळनेरनं स्थळ आणेल शे." म्हणजे माझ्यापुढं एकच संधी उरली होती. इंग्रजीचा पेपर, नाहीतर अमळनेर.

सिस्टर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. मूळची नगरकडची ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेली. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. रिटायर झाली तरी कोणाला ताप आला की पांढरी साडी नेसून हजर. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड कळायचा, माणूस कळायचं, अक्षर कळायचं नाही.

एकदा मी ओट्यावर टिकल्या लावत गाइडमधली उत्तरं घोकत होते. ती काठी टेकत थांबली.

"काय पुटपुटतेस गं? मंतर?"

"इंग्रजी आहे सिस्टर. पाठ करतेय."

"पाठ करून इंग्रजी येत नाही, बाई. भीती वाटली की येतं. दुपारी ये."

दुपारी गेले तर तिनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत कादंबऱ्या. मिशनच्या दवाखान्यातली एक गोरी डॉक्टरीणबाई आपल्या देशात परत गेली होती, ती दर नाताळच्या सुमारास एक पुस्तक पाठवायची. सगळी एकाच मालिकेची. समुद्रकाठच्या कड्यावर एक घर, त्यात खाणावळ चालवणारी एक बाई. प्रत्येक भागात नवा गुन्हा: कधी प्रेत, कधी पळवलेलं मूल, कधी निनावी पत्रं. प्रत्येक भागात कोणीतरी तिच्या पाठीमागे अंधारात उभं असायचं. ती गुडघे टेकून प्रार्थना करायची, बायबलमधलं एखादं वचन तिला आठवायचं आणि वाट सापडायची. पण एक कोडं पहिल्या भागापासून सुटलं नव्हतं. तिचा होणारा नवरा होडी घेऊन गेला होता. तो बुडाला की परतणार? सात भाग आले होते, सातवा अजून फोडायचा होता. आठव्या भागात मालिका संपणार, असं डॉक्टरीणबाईनं कळवलं होतं.

"मोठ्यानं वाच," सिस्टर म्हणाली. "आधी सांग, कडी लावलीस ना?"

"भरदुपारी सिस्टर?"

"दुपारीच मारतात गं. तिसऱ्या भागात बघ."

मी वाचू लागले. आधी एका पानाला अर्धा तास लागायचा. मी स्पेलिंग सांगितलं की ती अडलेला शब्द म्हणून दाखवायची, पण अर्थ सांगायची नाही. "पुढं जा. दाराआड कोण आहे ते बघ आधी." खरंच, दाराआड कोण आहे हे कळावं म्हणून मी न कळलेल्या शब्दांवरून उड्या मारत जायचे, आणि चार पानांनंतर तोच शब्द आपोआप ओळखीचा झालेला असायचा. गाइडनं दोन वर्षांत जे केलं नाही ते भीतीनं दोन महिन्यांत केलं.

वाचताना तिची पुस्तकाशी भांडणं चालायची. खाणावळवाली प्रार्थनेला बसली की म्हणायची, "प्रार्थना कर, पण आधी कडी लाव ना बाई! प्रभूनं हात कशाला दिलेत?" या पुस्तकांत प्रेम फार सोवळ्यातलं. तीनशे पानं जीव मुठीत धरून पळाल्यावर एखादं चुंबन यायचं. मी ती ओळ भरभर उरकायचे. सिस्टर पदर तोंडाला लावायची आणि खुर्चीला दटावायची, "तुम्ही नका ऐकू."

तर ती खुर्ची. तिचा नवरा रेल्वेत होता. दोघं एकच पुस्तक डोक्याला डोकं लावून वाचायची. ती भरभर वाचणारी, तो सावकाश. पान संपलं की ती तशीच अडकून पडायची. "एके दिवशी वैतागले," तिनं मला सांगितलं. "म्हटलं, किती हळू हो तुम्ही! आणि पान उलटलं. थांबले नाही. सकाळी ते म्हणाले, बारडोलीला जाऊन येतो."

त्याला वीस वर्षं झाली होती. ना प्रेत मिळालं, ना पत्र. तेव्हापासून प्रत्येक पानाला ती थांबायची. आणि पंजा खाली आला की मी पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक तिरकी खूण करायची, हा तिचा नियम. त्यांचं झालं, याची नोंद.

तुम्हाला वाटेल, एकटी बाई, भ्रम असेल. मलाही तसंच वाटायचं. खुर्ची सारखी कुरकुरायची, पण त्यात काय? मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं होतं. आमच्या गल्लीत जमीनच दिवसरात्र हलायची, तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं.

मग सातव्या भागातली ती गोष्ट घडली. मी साड्यांवरून तशीच उठून गेले होते, बोटांना गोंद होता. पान उलटलं, वाचत राहिले. खाली आले तसा पंजा वर गेला. बराच वेळ खाली येईना. मग ती खुर्चीकडे कान करून म्हणाली, "हो का?" आणि माझ्याकडे वळली. "ते म्हणतात, मधलं एक पान राहिलं."

मी बघितलं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. माझ्याच अंगठ्याचा गोंद, मधे एक रुपेरी टिकली.

मी स्वतःला समजावलं, गोष्टीचा सांधा जुळला नसेल, तिनं ओळखलं असेल. पण खरं सांगते, सांधा जुळत होता. मला स्वतःला काही कळलं नव्हतं. त्या दिवशी घरी आले आणि गोंदाच्या वाटीला हात लावला नाही. आईनं विचारलं, मी सांगितलं. आई म्हणाली, "ती बाई येडी शे. तिना घर एकली जाऊ नको." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. अमळनेरची भीती मोठी होती.

चौऱ्याण्णवचा पावसाळा संपता संपता सुरतेत प्लेग आला. आपल्यातल्या ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. दोन दिवसांत खाती बंद पडली. जन्मापासून ऐकलेली खटखट थांबली आणि माणसं एकमेकांकडे बघू लागली, कारण पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकू येत होता. बापूंना तर काही कळेना. ते भिंतीला हात लावून बघत होते की ती हलते का. तोंडाला फडकी बांधून गल्ली रिकामी होऊ लागली. आमचंही दुसऱ्या दिवशी ताप्ती लाइनची गाडी पकडून गावी जायचं ठरलं.

नेमकं निघायच्या आदल्या दिवशी, नाकावर रुमाल बांधलेला पोस्टमन सिस्टरच्या दारात पार्सल टाकून पळाला. आठवा भाग. त्या वर्षी नाताळच्या कितीतरी आधी आलेला.

मी आईची नजर चुकवून गेले. कडी लावली. बारा ते चार वाचलं, सेहेचाळीस पानं. प्रत्येक पानाला ती थांबली, प्रत्येक पानाला मी खूण केली. आणि मधेच माझ्या लक्षात आलं. लूम बंद होते. जमीन हलत नव्हती. तांब्यातलं पाणी काचेसारखं स्थिर होतं. खुर्ची मात्र कुरकुरत होती.

मी पुस्तक मिटलं. "सिस्टर, चला आमच्यासोबत. इथं कोणी राहिलं नाही."

"मी नर्स आहे पोरी. प्लेगच्या गोळ्या वाटायच्यात उद्या. शिवाय ते आले, आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

मला स्पष्ट बोलायची खोड. फटकन बोलून गेले, "वीस वर्षांत आले नाहीत, ते आता प्लेगात येतील का?"

ती रागावली नाही. तिनं नुसता पंजा वर केला. "थांब."

मी थांबले. बराच वेळ थांबले. पंजा खाली आला नाही. बाहेरून आईच्या हाका येऊ लागल्या, तशी मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून निघाले. मागून आवाज आला, "पास हो हं. आणि शेवटचं पान आधी बघायचं नाही, हे सगळ्या पुस्तकांना लागू." मग आतून कडी लागल्याचा आवाज.

वीसेक दिवसांनी परतलो. सिस्टर नव्हती.

खात्याचा म्हातारा गुजराती चौकीदार तेवढा गल्लीत राहिला होता. त्यानं सांगितलं. बाई सकाळी गोळ्या वाटायची, दुपारी घरात असायची. प्लेगबिग काही नाही; डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. चर्चची माणसं घेऊन गेली.

"पण बेटी, तू मधे आली होती ना?" त्यानं मलाच विचारलं.

"नाही काका. मी गावी होते."

"मग रोज दुपारी कोण वाचायचं? सगळं सूमसाम, भिंतीतून ऐकू यायचं. बाई हसायची. म्हणायची, 'वाचा, वाचा ना पुढं.' मने एम के, मला वाटलं, तूच परत आली." "एक दुपारी आवाज आला नाही. मी जाऊन बघितलं. बाई पलंगावर बसेली, भिंतीला टेकून. तोंडावर दुःख नाही काही. आणि कडी लागेल नव्हती. दार उघडंच."

जी बाई भरदुपारी दोनदा विचारायची, कडी लावलीस ना, तिचं दार उघडं. शहरातली माणसं दाराच्या फटींत बोळे कोंबत होती त्या दिवसांत.

पुस्तकांची पेटी तिनं माझ्या नावानं ठेवली होती, तसं चर्चच्या माणसांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी तिच्याच खोलीत बसून आठवा भाग उघडला. पहिली सेहेचाळीस पानं माझी. कोपऱ्याकोपऱ्यात माझ्या अंगठ्याचे गोंदाचे डाग, कुठं टिकलीची चमक, खाली माझी तिरकी खूण. सत्तेचाळिसाव्या पानापासून कोपरे स्वच्छ. पण खुणा होत्या. प्रत्येक पानावर. माझ्यासारख्या तिरक्या नाहीत. उभ्या, ठाशीव, कडेपासून मोजून सारख्या अंतरावर. टोकदार पेन्सिलीच्या. अक्षर न दिसणाऱ्या बाईनं ओढलेल्या रेघा कशा असतात ते मला ठाऊक होतं. महिन्याच्या दुधाच्या कार्डावर ती सही करायची तेव्हा रेघ कार्डाबाहेर टेबलावर उतरायची.

मी पानामागून पान उलटत गेले. खुणा शेवटपर्यंत होत्या. फक्त शेवटच्या पानावर नव्हती.

कडी लावायला उठले, आणि पुन्हा बसले. दार तसंच राहू दिलं. मोठ्यानं वाचलं. वादळाची संध्याकाळ असते. पायवाटेवर पावलं वाजतात. खाणावळवाली आयुष्यभर रोज तपासलेल्या कडीकडे बघते, उठून ती काढते, आणि परत आपल्या जागी येऊन बसते. म्हणते, उघडंच आहे. एवढंच. कोण आलं ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

एकही शब्द मला अडला नाही.

मी पंजा वर धरला. खुर्ची गप्प होती. लूम पुन्हा सुरू झाले होते, तांब्यातलं पाणी थरथरत होतं, सगळं हलत होतं, आणि ती खुर्ची मात्र हलत नव्हती. मी खूप वेळ थांबले. मग दोन खुणा केल्या, शेजारी शेजारी. एक त्यांची, एक तिची.

उन्हाळ्यात इंग्रजीचा पेपर दिला. प्रश्नपत्रिका उलटण्याआधी मी क्षणभर थांबले, तेव्हा सुपरवायझर म्हणाल्या, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, झालं.

पास झाले. बापूंना दोनदा ओरडून सांगावं लागलं. अमळनेरला नकार गेला. दोन वर्षांनी मी बी.ए. झाले, आमच्या सगळ्या घराण्यातली पहिली.