पूजेतला पाना

त्या खंडेनवमीच्या दुपारी देव समोर असता, तर मी त्याची गचांडी धरली असती. आज हात जोडून लिहितो आहे, पण तेव्हाचं खरं ते खरं.

वर्ध्याकडच्या सेलूपासून बरंच आत, शेतांमधून जाणाऱ्या पांदणीच्या टोकाला आमचं गाव. माझ्याकडे लिलावात घेतलेली मिलिटरीची जुनी जीप होती. काळ्या मातीच्या त्या वाटेवर तीच काय ती चालायची, पण एक खोड होती. चाक खड्ड्यात आदळलं की स्टेअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरायचं. टायर बदलले, बेअरिंगा कसल्या, काही फरक पडेना. शेवटी त्या सकाळी मायला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः खाली शिरलो. "हालव, माय." ती वरून म्हणे, "दळण आहे काय बापा हे?" खालून दिसलं, की स्टेअरिंगचा दांडा हलतो पण चाकं हलत नाहीत. मधला सांधा खुळखुळा झाला होता. खोलला तर आतली स्प्रिंग तुटलेली. तेवढ्यात मायनं सगळे पाने धुऊन पूजेच्या पाटावर मांडले, कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आमच्या घरी नवमीला पूजेत बसलेलं अवजार दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. म्हटलं, असू दे, सण झाल्यावर नवी स्प्रिंग आणू.

दुपारी माझ्या बायकोला, सुमनला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि रक्त थांबेना. सुईण म्हणाली, "हे मह्या हातचं नाई. वर्ध्याले न्या, लवकर." बैलबंडीनं वर्धा गाठेपर्यंत सुमन राहिली नसती. आणि जीप तर मीच खोलून ठेवलेली. मी पाटाकडे धावलो, तर माय आडवी आली.

"नोको हात लावू! तुह्या बापानं चाऱ्यासाठी पूजेतला विळा उचलला, अन् त्याच सांजेले पान लागलं त्याले. विसरला काय?"

विसरलो नव्हतो. साप चावून निळा पडलेला बाबांचा पाय मीही पाहिला होता. आत सुमन कण्हत होती, आणि मी पाटासमोर मटकन बसलो. प्रार्थनाबिर्थना काही सुचली नाही. इतकंच म्हणालो, मला काही कळत नाही, तुला काय करायचं ते कर. त्याहून खाली माणूस जाऊ शकत नाही.

आतून सुमनची किंकाळी आली. माय पुढे झाली, पाटावर अक्षता टाकल्या आणि पाना उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, "देवा, आता तूच जाय याच्यासंगं कामाले. पाप लागलं त मले लागू दे."

चपलेचं कातडं कापून स्प्रिंगच्या जागी ठोसलं, सांधा आवळला, वरून तार गुंडाळली. मायनं मांडीवर सुमनचं डोकं घेतलं आणि निघालो. पांदणीतल्या प्रत्येक खड्ड्याला मी दात आवळत होतो. स्टेअरिंग जड झालं होतं, पण थरथरलं नाही. एकदाही नाही. कातडं घट्ट बसलं म्हणून, असं कोणीही मिस्त्री सांगेल. सांगू दे.

वर्ध्याच्या दवाखान्यात मुलगी जन्मली ती रडलीच नाही. सुमन वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी भिंतीला टेकून रडलो. आभार मानावेत की शिव्या द्याव्यात, समजत नव्हतं.

माय दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. नातीला फडक्यात गुंडाळून आणलं तेव्हा तिनं वर पाहिलं.

"मी उचलला म्हून त नाई ना नेली रे त्यानं?"

"नाई, माय. तू उचलला म्हून एक त ठेवली."

तिनं हात पुढे केले. मी मुलगी तिच्या ओटीत ठेवली.