वानखडे मॅडमची डाळ

गावात जीप थांबली की आम्ही बाकीचे आधी सावली शोधायचो. वानखडे मॅडम स्वयंपाकघर शोधायच्या. एका हातात छोटा रॉकेलचा स्टोव्ह, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचं पातेलं, तुरीची डाळ आणि वही. जे घर आत बोलावेल तिथे बसून त्या त्या घरच्या पाण्यात मूठभर डाळ शिजत लावायच्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायच्या. कुठे अर्ध्या तासात वरण घोटता यायचं. कुठे पाण्यात क्षार इतके, की तासभर उकळूनही दाणा दाताखाली कचकचायचा. तोवर घरातल्या बायका बोलायला लागलेल्या असत. पाणी कधीपासून बदललं, कोणती विहीर आधी गेली, सुनेला आता प्यायचं पाणी कुठून आणावं लागतं, हे सगळं त्या वहीत उतरायचं.

अकोला आणि दर्यापूरच्या मधला, पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा हा आमच्या प्रकल्पाचा विषय होता. जमिनीखालचं पाणी खारट, आणि पाऊस दरवर्षी अधिक बेभरवशाचा. मध्येच तीन-तीन आठवडे गायब होतो आणि मग एका दुपारी सगळा कोसळतो. या बदलत्या हवामानात इथल्या शेतीने काय करावं, हे आम्ही पाच जणांनी मिळून सांगायचं होतं. एक मातीचा जाणकार, एक अर्थशास्त्राचा, एक पिकांचा, मी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे काढणारा, आणि गृहविज्ञान शिकवणाऱ्या वानखडे मॅडम. त्यांचं नाव यादीत कसं आलं, यावर आम्ही चौघे आपापसात हसत असू. गृहविज्ञान म्हणजे लोणची आणि भरतकाम, एवढीच आमची समज होती.

पहिल्या बैठकीत त्यांनी डाळीची वही पुढे ठेवली, तेव्हा मी विचारलं, "मॅडम, रेसिपी परिशिष्टात टाकायची का?" सगळे हसले. त्याही हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा नकाशा वरून पायते. मी चुलीपासून पायते. दोघायले एकच दिसलं, तर समजा खरं हाय."

कॉलेजात त्या शुद्ध मराठी बोलत. पण काही मनापासून सांगायचं असलं, की वऱ्हाडीवर येत.

पुढे माझ्या लक्षात आलं, की त्यांची पद्धत आमच्याहून कडक होती. डाळ सगळ्या गावांना एकाच पोत्यातली. आच सारखी हवी म्हणून स्टोव्ह स्वतःचा. प्रत्येक विहिरीवर वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि भर उन्हाळ्यात. मी मात्र विहिरींच्या नोंदी सरकारी तक्त्यांतून घेतल्या होत्या, त्याही बहुतेक पावसाळ्यानंतरच्या. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

नदीकाठच्या एका गावाबद्दल माझं आणि मॅडमचं एकमत झालं नाही. गावाचं नाव लिहीत नाही; त्या लोकांचं आमच्यामुळे व्हायचं तेवढं नुकसान झालं आहे. माझ्या नकाशात ते गाव हिरवं होतं. म्हणजे बोअर घ्या, पावसाने ताण दिला की पिकाला पाणी द्या. मॅडम म्हणाल्या, की त्या गावाच्या पूर्वेकडच्या विहिरींवर उन्हाळ्यात डाळ शिजणं बंद झालं आहे. बायका चार वर्षांपासून स्वयंपाकाचं पाणी दुसऱ्या टोकाहून आणतात. त्यांनी मला त्या पाण्याची एक बाटली आणून दिली. मी ती प्रयोगशाळेत मोजली. क्षार इतके होते की ते पाणी काळ्या मातीत सोडणं म्हणजे माती मारणं.

तो आकडा मी बाजूला ठेवला. एका बाटलीवरून नकाशा बदलत नाहीत, असं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. अहवाल तपासायला बाहेरगावचे तज्ज्ञ येणार होते, आणि त्यांच्यापुढे डाळीचा आधार सांगायची मला लाज वाटत होती. अहवालातून मॅडमचं प्रकरण गळलं. त्यांचं नाव शेवटच्या पानावर, सहकार्याबद्दल आभार मानताना आलं.

गावाने बोअर घेतले. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर शेतांवर पांढरट थर दिसू लागला. माती वाळली की दगड, भिजली की चिखल; पाणी मुरेना, सोयाबीन उगवेना.

एका सकाळी मॅडमचा फोन आला. "सर, गावात बैठक हाय बुधवारी. आपल्याले जाऊन सांगा लागन."

मी म्हणालो, बुधवारी अमरावतीला परिषद आहे. परिषद होती, पण मला तिथे निबंध वाचायचा नव्हता, आणि ती दुपारी जेवणाआधी संपली. मी जेवून, थोडा वेळ गप्पा मारून सावकाश अकोल्याला परतलो.

पुढच्या आठवड्यात त्या माझ्या खोलीत आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी टेबलावर त्या गावच्या मातीच्या सात पुड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "एवढं मोजून द्या." मी मोजून दिलं. नंतरची दोन वर्षं त्या पुड्या आणत राहिल्या, मी मोजत राहिलो. त्या बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

यंदा हिवाळ्यात, पंधरा दिवसांच्या आजारात त्या गेल्या. दर्यापूरला त्यांच्या कॉलेजात शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं. त्यांच्या सूक्ष्म निरीक्षणाचा आम्हाला नेहमीच आधार होता, असं मी म्हणालो आणि खाली बसलो.

मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. बेबीताई, त्याच गावच्या. पूर्वेकडच्या विहिरीजवळच त्यांचं शेत. त्यांनी त्या बुधवारच्या बैठकीचं सांगितलं. लोक चिडलेले होते. एकाने आपल्या शेतातलं ढेकूळ आणून मॅडमच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, नकाशा कोणी काढला. मॅडम म्हणाल्या, "आमी काढला. चुकला. मी बी त्यातच हाओ." आधीच सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही, असं त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत लोकांचं ऐकत बसल्या. पुढे दर महिन्याला येत राहिल्या. खारवलेली माती सुधारायला जिप्सम कुठे, किती टाकायचं, हिरवळीच्या खतासाठी पेरलेला धैंचा कधी गाडायचा, हे माहीतगारांना विचारून गावाला सांगत राहिल्या. बेबीताईंच्या दोन एकरांत आता पुन्हा उगवण धरली आहे. बाकीच्या रानाचं अजून काही खरं नाही.

सभा संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी विचारलं, "तुमी बी होते का त्या कामात?"

मी म्हणालो, "हो. नकाशा माझा होता. मॅडमनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

 त्यांच्या चेहऱ्यावर राग असता, तर मला सोपं गेलं असतं.

"मले एकटीले सांगून काय होते, सर," त्या म्हणाल्या. "गावात येऊन सांगा. त्या बाईले लोकं अजून दोष देतेत."

मी म्हणालो, गुरुवारी येतो. त्यांनी मान हलवली आणि गावाकडची जीप पकडायला दर्यापूरच्या स्टँडकडे निघून गेल्या.

त्यानंतर तीन गुरुवार झाले. मी अकोल्यातच आहे.