निंबोळीचं तेल आणि पोहे

आज डासांसाठी घरी बनवलेलं निंबोळीचं तेल मी खोबरेल समजून डोक्याला चोळलं. त्यातला कापूर नाकात शिरला आणि मी थेट कोल्हारला पोचलो, मुलगी बघायला गेलो होतो त्या संध्याकाळी.

नदीकाठी डास फार, म्हणून हेच तेल हातापायांना लावून गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली आणि मला बघताक्षणी आवडली. तेवढ्यात तिचे मामा म्हणाले, "पाव्हनं, वास कशाचा येतोय हो?" झालं! निंबोळ्या कशा वाळवायच्या, कापूर कधी टाकायचा, मी उत्साहाने सगळं सांगत सुटलो. वडिलांनी कपाळाला हात लावला. स्थळ हातचं गेलं म्हणून मीही रडवेला झालो.

आणि होकार आला! लग्नानंतर बायकोला कारण विचारलं, तर म्हणाली, "सगळे चटाचटा डास मारत होते. तुमच्यापुढे बशी घेऊन उभी होते, तेवढा वेळ मला एकही चावला नाही."