तिला उचलता यावं म्हणून

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पापडीच्या शेंगा निवडायचं. सकाळचे साडेनऊ झाले असतील. ओट्यावर ऊन आलं होतं. मी तिला खाटेवरून उचलून खुर्चीत बसवलं, खुर्ची ओढत ओट्यावर नेली आणि तिच्या मांडीवर सूप ठेवलं. पक्षाघातानं तिची उजवी बाजू गेलेली. डाव्या हातानं ती शेंग धरायची, मी शेंडा मोडून दोरा ओढायचा. असं रोजचंच चाललेलं.

"जून आहेत सगळ्या," ती म्हणाली. "भाजीवाला तुम्हाला लांबूनच ओळखतो."

"मग तू जात जा बाजारात."

"जाते की. घ्या खांद्यावर."

बोलताना तिची जीभ जड व्हायची, पण टोमणा मारताना कधी अडखळली नाही. अर्धा किलो पापडी निवडायला आम्हाला तास लागला. दुपारी वरणभात भरवला, खाटेवर निजवलं. चार वाजता चहा घेऊन गेलो तर ती गेलेली होती.

मला लोक विचारतात, काका, म्हातारपणी आखाड्यात जायला लागलात, त्यातून काय मिळालं? कुणाला वाटतं ढेरी कमी करायला गेलो, कुणाला वाटतं डोकं फिरलं. मी सातवी शिकलेला माणूस आहे, गोड करून सांगायला मला जमत नाही. जे झालं ते लिहितो.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. मी इकडे गुजरातेत नंदेसरीत कारखान्यात फिटर होतो. जन्मभर पंप उचलले, मोटारी उचलल्या, साखळीची घोडी लावून टनाटनाचं सामान इकडचं तिकडे केलं. छाणीला दोन खोल्यांचं घर बांधलं, पोराला शिकवलं, तो सुरतेला नोकरीला लागला. मी रिटायर झालो आणि सहा वर्षांनी हिला झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिथल्या बाईनं उचलायचं कसं ते एकदा दाखवलं होतं. मी मान हलवली. मनात म्हटलं, मला काय शिकवते ही, एवढे पंप उचलले.

तिसऱ्याच आठवड्यात मी तिला पाडलं.

काखेत हात घालून खेचली, जसं पोतं खेचतात. माझ्या कमरेत कट्‌ असा आवाज झाला आणि दोघेही खाली. तिची भुवई स्टुलाच्या कडेवर आपटली. रक्त डोळ्यात गेलं. मला उठता येईना. ती तशीच पडल्या पडल्या विचारते, "तुम्हाला लागलं का हो?"

मला अजून कुणी एवढी मोठी शिवी दिलेली नाही.

पोरगा दुसऱ्या दिवशी आला. टाके बघितले, माझी कमर बघितली आणि म्हणाला, "पप्पा, आईला सुरतेला नेतो. एक बाई ठेवू, सगळं करेल."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिकडूनच म्हणाली, "परकी बाई मला उघडी करणार?"

माझी बायको तशीच होती. बाळंतपणात सुद्धा सुईणीला म्हणाली होती, दिवा बारीक करा.  पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "ठीक आहे. पण अजून एकदा जरी पडली, तर मी विचारायला थांबणार नाही." त्याचं चूक नव्हतं. मीही त्याच्या जागी तेच म्हटलं असतं.

म्हणजे आता सगळं माझ्या कमरेवर आलं, आणि कमर तर गेलेली.

शहरात मांडवीच्या बाजूला एका गल्लीत जुना आखाडा आहे. तिथले वस्ताद मुरगळलेलं, लचकलेलं चोळून देतात असं ऐकून होतो. गेलो. वस्ताद माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मान खांद्यातच बसलेली, बोलणं निम्मं मराठी निम्मं गुजराती. मला पालथं घातलं आणि अंगठा असा रोवला की मी आईला हाक मारली.

"काका, कमर गेली नाही, फक्त रिसावली आहे. कशानं झालं?"

रिसावली म्हणजे रुसली. मी सांगितलं. बायको उचलताना झालं.

त्यांचा हात थांबला. "उचललीत कशी ते दाखवा." मी उठून हवेत दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "असं उचललं तर पैलवानाची पण मोडेल. तुम्हाला उचलता येत नाही, काका. कुणी शिकवलंच नाही. महिनाभर या."

"मी? सासष्ट वर्षांचा आहे मी."

"मग काय वांधो आहे? मी तुम्हाला फडात थोडीच उतरवतोय."

अशी माझी भरती झाली. सकाळी सहा ते सात. शिकून होईपर्यंत घरी तिचं सगळं खाटेवरच, कुशीवर वळवून करत होतो. शेजारच्या बेन तेवढा वेळ हिच्याजवळ बसायच्या, दोघी गुजरातीत गप्पा मारायच्या. बेननी उचलायचं नाव काढलं की ही म्हणायची, "तमे बेसो, ए आवशे." तुम्ही बसा, ते येतील.

पहिले पंधरा दिवस मला मातीत पाऊल टाकू दिलं नाही. भिंतीला धरून बैठका. पहिल्या दिवशी आठ झाल्या आणि आखाड्याच्या दोन पायऱ्या मी बसून उतरलो. बाकीचे लंगोट लावून, मी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून. मग मारुतीच्या पाया पडायला लावून एके दिवशी मातीत उतरवलं, आणि उचलणं नाहीच, आधी पडणं शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात टेकायचा नाही. पडताना घाबरून हात टेकला की मनगट गेलं. मी तीन आठवडे नुसता पडत होतो. घरी ही विचारायची, "आज काय शिकलात?" मी म्हणायचो, "पडलो." ती म्हणायची, "ते तर तुम्हाला आधीच येत होतं."

मग एकदा वस्तादांनी विचारलं, "काकींचं वजन किती?"

"अठ्ठावन्न-साठ असेल."

त्यांनी एका फरसाणवाल्याला बोलावलं. चाळिशीचा माणूस, पोट कमी करायला यायचा. "हा पंच्याहत्तर आहे. हा उचलला तर काकी फुलासारख्या." तो फरसाणवाला खुर्चीवर अंग सैल सोडून बसायचा आणि मी त्याला उचलायचो. तो चावट होता. माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणायचा, "अहो, आज भाजी काय आणली?" सगळा आखाडा हसायचा. मी पण.

शिकलो ते एवढंच. जोर हातात नसतो, मांड्यांत असतो. दोन पायांत अंतर ठेवून तिचा अधू गुडघा आपल्या गुडघ्यांत धरायचा. लांबून ओढायचं नाही, जवळ जायचं. छातीला छाती लागली पाहिजे. मध्ये हवा राहिली की वजन दुप्पट. आणि समोरचा तयार झाल्याशिवाय उचलायचं नाही.

घरी पहिल्यांदा तसं करायला गेलो. वाकलो, तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी ताठ.

"अहो, काय करताय? दार उघडं आहे."

"उचलतोय."

"आधी दार ओढा."

मी दार ओढून आलो. आता इथे खरं ते लिहितो. आमच्या लग्नाला तेव्हा एक्केचाळीस वर्षं झाली होती. दिवसाउजेडी मी तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. तिचा बाप गेला, ती ओट्यावर बसून रडत होती, तेव्हाही मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उभा राहिलो. मला दुसरं काही सुचलं नाही. आणि आता सकाळच्या आठ वाजता, उन्हात, मी तिच्या छातीला छाती लावून उभा. तिनं डावा हात माझ्या मानेभोवती टाकला. हळूच म्हणाली, "हं." मी उचललं. सहज उठली. उभी राहिली, म्हणजे मी उभी धरली. लगेच बसवायची होती, पण आम्ही थोडा वेळ तसेच राहिलो.

"माती लागली आहे तुमच्या कानाला," ती म्हणाली.

तेव्हापासून दिवसातून सहा-सात वेळा. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून खाटेवर. दर वेळी आधी दार ओढायचं, मग तिचा हात मानेवर, मग तिचं "हं". पुढे पुढे दार ओढायचं ती विसरायला लागली. की मुद्दाम विसरायची, कोण जाणे.

आणखी काय मिळालं म्हणाल, तर झोप लागायला लागली. जिना चढताना दम लागेना. आणि राग गेला. मी तापट माणूस, ताट भिरकावलेलं आहे मी एके काळी, आणि ते तिनं मुकाट उचललेलं आहे. पण रोज सकाळी चारदा आपटलेला माणूस घरी येऊन मीठ कमी झालं म्हणून ओरडत नाही. त्यात आता भाजी मीच करायचो, ओरडणार कुणावर? हे सगळं वीस वर्षं आधी शिकलो असतो तर तिचे दिवस बरे गेले असते. ते लिहून काही उपयोग नाही, पण लिहितो.

दोन वर्षं आणि चार महिने मी तिला पाडलं नाही. नाही, एकदा पडलो. पोराला अजून माहीत नाही. न्हाणीच्या दाराशी पाणी सांडलं होतं, माझा पाय सटकला. ती माझ्या अंगावर होती. विचार करायला वेळच नव्हता, शरीरानंच केलं. हनुवटी आत, पाठ गोल, तिला छातीशी धरून मी खाली गेलो. मी उताणा, ती माझ्या पोटावर, तिला खरचटलं सुद्धा नाही.  मग वरून आवाज आला, "पैलवान, चितपट झालात." आणि ती हसायला लागली. तिचं तोंड एका बाजूनंच हसायचं. मला पण हसू आलं, हसल्यामुळे उठता येईना. तेवढ्यात शेजारच्या बेन ताक घेऊन आल्या, आम्हाला तसं बघितलं, पेला तिथेच ठेवला आणि लाजून पळाल्या. ही त्यावर आठवडाभर मला छळत होती. "आता काय सांगणार त्यांना? कुस्ती खेळत होतो?"

पापडी निवडली त्या दिवशी चार वाजता मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्या कपाळाला हात लावला, तेव्हाच समजलं. तरी डॉक्टरला बोलावलं. पोराला फोन केला. तो सातपर्यंत पोचला. तोवर घर भरलं होतं. तिला खाटेवरून खाली जमिनीवर घ्यायचं होतं. बायका हळदकुंकू, हिरवं लुगडं काढून बसल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची गं, सवाष्ण गेली." मी म्हटलं, "तुमचं भाग्य तुमच्याजवळ ठेवा." पोरानं माझा दंड धरला.

चार जण पुढे आले. "काका, तुम्ही बाजूला बसा. आम्ही उचलतो."

"मी उचलणार."

"अहो काका..."

"कुणी हात लावायचा नाही तिला."

पोरगा त्यांना म्हणाला, "उचलू द्या त्यांना." तो कधी माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

मी पायात अंतर घेतलं. वाकलो. तिच्या पाठीखाली हात घातला, छातीला छाती लावली. तिचा डावा हात उचलून मीच माझ्या मानेवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. आणि थांबलो. सगळे बघत होते. मी का थांबलो ते कुणाला कळलं नाही. पोरगा म्हणाला, "पप्पा, जमत नाही का?"

जमत होतं. मी तिच्या "हं"ची वाट बघत होतो.

मग उचललं. अंग अजून कडक झालं नव्हतं. अलगद खाली ठेवली, डोकं शेवटी टेकवलं, जसं शिकवलं होतं तसं. त्यानंतर स्मशानात काय झालं ते मला नीट आठवत नाही आणि लिहायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता जाग आली. पोरगा आणि सून आतल्या खोलीत झोपले होते. आठ वाजता अस्थी आणायला जायचं होतं. मी तोंड धुतलं, लेंगा घातला, स्कूटर काढली आणि आखाड्यात गेलो. दाराशी पोचल्यावर लक्षात आलं, मला सुतक आहे. आत मारुती आहे, माती पूजेची आहे. मला आत जाता येणार नाही. मी बाहेरच उभा राहिलो. आतून मातीवर अंग पडल्याचे आवाज येत होते.

वस्तादांनी बघितलं, ते उंबऱ्यापर्यंत आले.

"काका, बाहेर का?"

"काल गेली."

ते उंबरा ओलांडून माझ्याजवळ आले.  मग म्हणाले, "चहा मागवू?"

"नको."

आतून कुणी तरी त्यांना हाक मारली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला, आणि ते आत गेले.

मी सदरा काढून स्कूटरच्या हँडलला अडकवला. चपला काढल्या. गल्लीतच, भिंतीला न धरता, बैठका मारायला लागलो. झाडूवाली आली, माझ्या भोवतीनं झाडून पुढे गेली. दूधवाल्यानं सायकल बाजूनं काढली. कुणाला उचलायचं नव्हतं. मांड्या भरून थरथरायला लागेपर्यंत मारल्या. मग सदरा घातला आणि घरी यायला गाडी चालू केली.