अध्यक्षबाईंची सही

"मावशी, ते कप उचला ना जरा. फोटो काढायचाय."

संस्थेकडून आलेली एक मुलगी मला म्हणाली. विशीतली, गळ्यात ओळखपत्र. आमची जिल्हा परिषदेची शाळा त्या दिवशी पुण्याच्या एका संस्थेकडे चालवायला दिली होती. इमारत सरकारची, मास्तर सरकारचे, मुलं आमची. कारभार तेवढा त्यांचा. अंगणात मंडप होता, दाराला फीत होती. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर कागद चिकटवला होता. 'अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती.'

ती अध्यक्ष मी.

त्या खुर्चीवर संस्थेच्या साहेबांची बायको बसली होती. कागदावरच बसली होती.

मी कप उचलले.

त्यांनी माझं काय केलं ते नंतर सांगते. आधी मी काय केलं ते. भावाच्या लग्नातली साडी नेसून गेले होते. पदर खोचला, सगळे कप गोळा केले आणि नळावर नेऊन विसळले. कोणी विसळायला सांगितलं नव्हतं. हेडमास्तर दारात उभे होते. मी कोण ते त्यांना चांगलं ठाऊक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल कानाला लावला. कोणाचा फोन आला नव्हता.

केळशीच्या बाजूला, खाडीकाठी आमची वाडी आहे. मी मासळी विकते. याच शाळेत सातवीपर्यंत शिकले, आता माझी प्रणाली सहावीत आहे. गावातल्या बागायतवाल्यांची पोरं पिवळ्या गाडीतून दापोलीला इंग्रजी शाळेत जातात. मग इथे पालक उरले ते आम्ही. वाडीतले, मोहल्ल्यातले. अध्यक्ष कोण करायचं असा प्रश्न आला तेव्हा हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्हाला काही करावं लागणार नाही. सही येते ना?"

येते म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मी अध्यक्ष झाले. मला अभिमान वाटला होता, हे आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

सभा कधी झालीच नाही. हेडमास्तर रजिस्टर घेऊन बाजारात यायचे. मी सुरमई कापत असायची. ते वही उघडायचे, एक पान हाताने झाकायचे आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवायचे. "इथं." शाळेत मला अहोजाहो. बाजारात एकेरी. "लवकर कर गो, मला केंद्रशाळेत जायचंय." मी हात पुसून सही करायची. मग ते खिशातून रुमाल काढून पेन पुसायचे. नीट, टोपणापासून टोकापर्यंत. तो रुमाल परत खिशात ठेवायचा की नाही असा विचार करत थोडे थांबायचे. दर वेळी.

शाळा सुधारली म्हणे. भिंती निळ्या झाल्या. मोठा टीव्ही आला. गळ्यात टाय आले, या खाऱ्या दमट हवेत! दर थोड्या दिवसांनी पाहुणे यायचे, ते खाली उतरायच्या आधी फोटोवाला उतरायचा. साहेब त्यांना शाळा दाखवायचे. खादीचा झब्बा, मऊ आवाज, बोलताना डोळे मिटायची सवय. गरिबांच्या मुलांविषयी त्यांना इतकं वाटायचं, की डोळे उघडून मुलांकडे बघायला सवड मिळत नव्हती.

माझी प्रणाली हुशार. पाहुणे आले की तिला पुढे उभी करायचे. ती इंग्रजीत बोलायची. साहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "बघा, मासे विकणाऱ्या घरातली मुलगी आहे." पाहुणे टाळ्या वाजवायचे. मी खिडकीतून ऐकायची आणि मला बरं वाटायचं. ते ऐकायचं सोडून मी मागच्या बाकांकडे कधी बघितलं नाही. तिथे कोण बसतं, पाहुणे आले की त्या पोरांना मैदानावर का पाठवतात, हे विचारलं नाही. माझं चांगलं चाललं होतं ना.

मग हमीदा आली.

हमीदा मोहल्ल्यातली. तिचा नवरा आखातात बोटीवर. तिची शबनम चौथीत, वाचताना अडखळते, पण एक दिवस शाळा बुडवत नाही. हमीदा दारात उभी राहिली, आत आली नाही. तिच्या हातात शबनमचा शाळा सोडल्याचा दाखला होता.

"हेडमास्तर म्हणाले पोरीला झेपत नाय, दुसरीकडं घाला. मी म्हटलं, कुणी ठरवलं? त्यांनी वही दाखवली. खाली सही तुझी हाय, बाय."

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. मी वाचलं नव्हतं.

"तुला वाचता येतंय," हमीदा म्हणाली. आणि गेली.

ती ओरडली असती तर मी उलट ओरडले असते. पण ती फक्त खरं बोलली. मला वाचता येत होतं. मग माझ्या डोळ्यांवर कोणी हात ठेवला होता? हेडमास्तरांनी पान झाकलं होतं, हे खरं. पण तो हात बाजूला करा म्हणायला मला कोणी अडवलं होतं?

त्याच आठवड्यात शनिवारी साहेब समितीला भेटायला येणार होते. मला निरोप आला नव्हता. पण मी गेले. बाजारातून तशीच गेले, कपडे न बदलता. ऑफिसात साहेब, हेडमास्तर आणि समितीतले चार पालक. एक खुर्ची रिकामी होती. मी बसले. साहेबांनी नाकाजवळ हात नेला, मग सावरून घेतला. सुशिक्षित माणूस.

"बरं झालं आलात," हेडमास्तर म्हणाले आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "इथं."

"वाचून दाखवा."

"नेहमीचंच आहे."

"मग मीच वाचते."

मी वही ओढून घेतली. मोठ्यानं वाचलं, हळू, बोट ठेवून. पुढच्या वर्षापासून प्रवेशाआधी चाचणी. ज्यांची प्रगती समाधानकारक नाही अशा मुलांच्या पालकांचे समुपदेशन करून मुलांना अन्यत्र पाठवणे. खाली यादी. सात नावं. पाच मोहल्ल्यातली, दोन आमच्या वाडीतली. समुपदेशन शब्दावर मी अडखळले, तेव्हा साहेबांनी तो मला नीट म्हणून दाखवला. हसून. डोळे मिटून.

"ताई, आपल्याला गुणवत्ता वाढवायची आहे. या मुलांमुळे शाळेची सरासरी खाली येते."

"येत नाय त्याला शिकवायचं, की येतंय त्याला?" मी विचारलं. "येणारीच पोरं घेऊन बसायचं तर तुम्ही कशाला? तेवढं मीपण करीन."

समितीतले दादा, चौघेही, जमिनीकडे बघत होते. हेडमास्तर माझ्याकडे वाकले. आवाज खाली. "प्रणालीचं चांगलं चाललंय. उगाच कशाला?"

हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्याआधी मी घाबरले होते. त्यानंतर मला त्या दोघांची किळस आली, आणि किळस आल्यावर भीती राहत नाही. मी हेडमास्तरांच्या खिशातलं पेन काढलं. सहीच्या जागी लिहिलं, 'हा ठराव मला मान्य नाही. सातही मुलं शाळेत राहतील. शबनमचा दाखला परत घ्यावा.' खाली पूर्ण नाव.

"रजिस्टरमध्ये असं लिहिता येत नाही," हेडमास्तर ओरडले.

"लिहिलं की."

शबनम परत शाळेत येते. ती आली म्हणून काही मोठं घडलं नाही. ती अजून अडखळते, तिला अजून मागेच बसवतात. यादीतल्या सातही जणांची नावं आज तरी पटावर आहेत. प्रणालीला आता पाहुण्यांपुढे उभी करत नाहीत. तिनं विचारलं का, तर मी तिला सगळं सांगितलं, कपांचंसुद्धा. हमीदा माझ्याशी बोलते, कामापुरतं. ते बरोबरच आहे.

मी अर्ज देऊन जुन्या सगळ्या ठरावांच्या नकला मागून घेतल्या. दुपारी बाजार आवरला की वाचते. शबनमच्या आधी आणखी तिघांना दाखले दिले गेले होते. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, वळणदार.

आता ऐकते की मला काढणार. त्यासाठी सगळ्या पालकांची सभा घ्यावी लागते. घ्या. साहेबांनाही बोलवा, फोटोवाल्यालाही. त्या सभेत मी एकेक ठराव मोठ्यानं वाचणार आहे, पहिल्यापासून. कोणाच्या पोराला कशासाठी काढलं, ते त्याच्या आईसमोर. आणि प्रत्येक ठरावाखाली कोणाची सही आहे, तेही मीच सांगणार आहे.